सरकारी गोळी आणि गावचं मेडिकल

काउंटरच्या काचेवर एक रिकामी पट्टी आली. मागच्या चंदेरी कागदावर बारीक अक्षरांत औषधाचं नाव आणि त्याखाली शासनाचा पुरवठा, विक्रीसाठी नाही, असा छाप. पट्टी आणणाऱ्या बाई हिरडस मावळातल्या. महाडच्या रस्त्याने एसटीने भोरला आल्या होत्या, बाजाराची पिशवी अजून भरायची होती.

"दादा, हीच द्या."

दुकानदाराने पट्टी उजेडाकडे धरून वाचली. "आत्या, ही सरकारी. ही आमच्याकडं येत नाही. औषध हेच देतो, कंपनी दुसरी."

"गुण तोच ना?"

"तोच. बीपीचीच आहे. किती देऊ?"

"सोमवारपर्यंतच्या."

सोमवारी त्यांच्या उपकेंद्रात गोळ्या वाटणार होते. दुकानदाराने अ‍ॅम्लोडिपिनची पट्टी काढली आणि कात्रीने चार गोळ्या कापून दिल्या. कापताना त्याने मुदत आणि बॅच नंबर छापलेली बाजू उरलेल्या पट्टीला ठेवली, नाहीतर उरलेल्या गोळ्या कुणाला विकायच्या? विक्री झाली दहा-बारा रुपयांची. तेवढ्यासाठी पट्टी वाचून झाली, दोन प्रश्नांना उत्तरं दिली गेली, आणि पैसे परत देता देता त्याने एक सांगितलं: पायाला सूज वाटली तर गोळी बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. अशी माणसं मग कुणालाच न विचारता गोळी सोडून देतात.

सार्वजनिक सेवांमधल्या सुधारणा गावात पोचतात तेव्हा नेमकं काय होतं, ते पाहून लिहा, असं या अंकासाठी संपादकांनी सुचवलं होतं. मी आरोग्य हा विषय घेतला आणि त्यातही मेडिकल. दवाखान्यावर, डॉक्टरांवर, विमा योजनांवर पुष्कळ लिहिलं जातं. औषधाच्या दुकानाबद्दल मात्र आपण बोलतो ते भाव जास्त लावला म्हणून किंवा संप झाला म्हणून. भोर आणि वेल्ह्यात फिरताना मला दिसलं ते असं: गेल्या पंधरा वर्षांत औषधं स्वस्त किंवा मोफत करण्यासाठी केंद्राने आणि राज्याने जी पावलं टाकली, त्यांतली बहुतेक योग्य होती, पण आखताना गावचं मेडिकल आरोग्यसेवेत धरलं गेलंच नाही. ते बाजारात धरलं गेलं. आणि सरकारी व्यवस्थेत जिथे जिथे फट राहते, तिथे रुग्ण त्या बाजारातल्याच माणसासमोर येऊन उभा राहतो.

दोन तालुके, एक रस्ता

भोर हे जुनं संस्थानी गाव. पंतसचिवांचा राजवाडा, नीरेचा काठ, बाजारपेठ, उपजिल्हा रुग्णालय. पण तालुका गावासारखा नाही. पश्चिमेला भाटघर आणि नीरा-देवघर धरणांच्या पाण्याकडेने वाड्या पसरत जातात, भुतोंड्याकडे, हिर्डोशीकडे, आणि रस्ता वरंधा घाटातून महाडला उतरतो. पावसाळ्यात हा घाट बंद ठेवावा लागतो. वेल्हे तर त्याहून विरळ. 2011 च्या जनगणनेत या अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या सुमारे 54 हजार होती आणि त्यात एकही शहर नव्हतं. तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये घेतला, तरी एसटीच्या थांब्यावर अजून वेल्हेच ऐकू येतं.

नसरापूरहून वेल्ह्याकडे वळलं की मार्गासनी, विंझर असं करत रस्ता तोरण्याच्या पायथ्याशी पोचतो. या रस्त्यावर मेडिकलची पाटी दिसते ती फाट्यावर किंवा एखाद्या खासगी दवाखान्याच्या शेजारी. आत वाड्यांकडे गेलात की पाटी संपते. शनिवार-रविवारी या दुकानांतून राजगड-तोरणा चढायला आलेली पुण्याची मुलं क्रेप बँडेज, ओआरएस आणि पाय मुरगळल्यावर मारायचा स्प्रे घेऊन जातात. एका दुकानदाराने सांगितलं की हंगामात या दोन दिवसांचा गल्ला कधी कधी उरलेल्या आठवड्यावर भारी पडतो. गावकऱ्यांना लागणारी औषधं ठेवणारं दुकान ट्रेकर्सच्या बँडेजवर तग धरून राहावं, ही गोष्ट मला अस्वस्थ करून गेली.

बाहेरची चिठ्ठी

सरकारी दवाखान्यात गेलेल्या कुणालाही 'बाहेरची चिठ्ठी' समजावून सांगावी लागत नाही. डॉक्टर तपासतात, दोन गोळ्या आत मिळतात, उरलेल्या बाहेरून आणायच्या. 2007 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सुरू झाली. पुणे जिल्हा त्यात होता. तिथल्या जनसुनवायांत लोकांनी पुन्हा पुन्हा मांडलेली तक्रार हीच, की आत औषध नाही म्हणून बाहेर पाठवतात. त्याच्याही आधी डॉ. अनंत फडके यांनी शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या औषधांच्या पुरवठ्याचा आणि वापराचा अभ्यास केला आणि 1998 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. औषधांचा तुटवडा आणि औषधांचा अनावश्यक मारा एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी कसे नांदतात, हा त्यांचा विषय होता. तो जुना झालेला नाही.

आता 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार, औषधं, सगळं मोफत आहे. केस पेपरचेही पैसे नाहीत. बाहेरची चिठ्ठी द्यायची नाही, औषध संपलं तर दवाखान्याने स्थानिक खरेदी करून ते पुरवायचं, अशी अपेक्षा आहे. मी हा निर्णय मनापासून योग्य मानतो. ज्या घरात वर्षाचं भात आणि पुण्यातल्या मार्केट यार्डातली एकाची हमाली एवढंच उत्पन्न आहे, तिथे महिन्याच्या बीपी-साखरेच्या गोळ्या फुकट मिळणं म्हणजे गोळी चालू राहणं आणि बंद पडणं यातला फरक आहे.

पण गोळी वाडीपर्यंत पोचते कशी ते पाहायला हवं. खरेदी मुंबईत ठरते. 2017 पासून ती हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती. तिथे दिरंगाई झाली, दवाखाने कोरडे पडले, ओरड झाली. मग 2023 मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण हे स्वतंत्र मंडळ आलं. खरेदी झाली की माल जिल्ह्याच्या भांडारात, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे औषध निर्माण अधिकारी तो संगणकावर चढवतो आणि मागणीप्रमाणे उपकेंद्रांना देतो. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्या बीपी मोजतात, साखर बघतात, गोळ्या देतात, गरज पडली तर मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात. ही साखळी चांगली आहे. फक्त तिच्यात कुठेही आठवडाभराचा उशीर झाला तर तो शेवटी उपकेंद्रापुढच्या रांगेत दिसतो, आणि बीपीची गोळी आठवडाभर थांबत नाही.

त्या आठवड्यात माणूस मेडिकलमध्ये जातो. म्हणजे सरकारी साखळीचा राखीव साठा मेडिकलमध्ये आहे. तो किती असावा, कोणत्या औषधाचा असावा हे मात्र दुकानदाराला कुणी सांगत नाही. भोर तालुक्यातल्या एका दुकानदाराने हे शांतपणे मांडलं. सरकारी पुरवठा सुरळीत असला की त्याच्या कपाटातलं अ‍ॅम्लोडिपिन आणि साखरेचं मेटफॉर्मिन पडून राहतं, मुदत जवळ येते. म्हणून तो कमी मागवतो. मग एखाद्या महिन्यात अचानक सगळे त्याच्याकडे येतात आणि त्याच्याकडे चारच पट्ट्या असतात. स्टॉकिस्टची गाडी रोज येत नाही. पुढचा प्रश्न त्यानेच विचारला: उपकेंद्रात काय शिल्लक आहे ते सरकारला संगणकावर दिसतं, तर ते मला का दिसू नये?

सोळा टक्के कशाचे?

औषध दुकानदार बक्कळ कमावतात अशी आपली पक्की समजूत असते. शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या आवारातल्या दुकानाबद्दल ती खरी असेलही. गावच्या दुकानाचं गणित निराळं आहे.

2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिली. त्या किमतीत किरकोळ विक्रेत्यासाठी सोळा टक्के धरलेले असतात. यादीबाहेरच्या औषधांवर व्यापारात वीस टक्क्यांची रीत आहे. टक्के तेच राहतात, पण किंमत उतरली की टक्क्यातून निघणारे रुपये उतरतात. समजा गोळ्यांची पट्टी चाळीसची होती, ती पंधराची झाली. रुग्णाचे पंचवीस रुपये वाचले, ते वाचायलाच हवेत. पण पट्टी वाचायचा वेळ, फ्रीजचं वीजबिल, फार्मासिस्टचा पगार आणि दुकानाचं भाडं मात्र आहे तिथेच राहिलं. मोफत औषधावर तर दुकानाला शून्य. आपल्याकडे दुकानाला पैसे मिळतात ते फक्त वस्तू विकण्याचे. घोटे सुजले तर काय करायचं हे सांगण्याचे मिळत नाहीत.

वेल्ह्यात आणखी दोन वाटांनी गिऱ्हाईक दुकानाबाहेरून निघून जातं. खेड्यातले बरेच डॉक्टर स्वतःच गोळ्यांची पुडी देतात. आपल्या रुग्णाला औषध द्यायची मुभा कायद्याने त्यांना आहे. आणि घरातलं कुणी ना कुणी पुण्यात असतं. तो दर महिन्याला येताना तिकडच्या सवलतीच्या दुकानातून आईची औषधं आणतो. मग गावच्या मेडिकलला उरतं काय? रात्रीचा ताप. लहान मुलाची उलटी. पायात काटा. आणि उधारी. एका दुकानातली वही मी पाहिली. नावापुढे 'भात विकल्यावर' असं लिहिलेलं होतं.

गेल्या वर्षी, 22 सप्टेंबर 2025 पासून, बहुतेक औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, काही जीवरक्षक औषधांवरचा शून्य झाला. ग्राहकाच्या दृष्टीने उत्तम. कंपन्यांनी नव्या किमतींची यादी द्यायची, जुन्या पाकिटांवर नवं लेबल चिकटवलं नाही तरी चालेल, असं ठरलं. पण छोटी दुकानं बरीचशी कंपोझिशन योजनेत असतात. उलाढालीवर एक टक्का कर भरायचा आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मागायची नाही, असा तो सोपा मार्ग. त्यांच्या कपाटात बारा टक्के भरून घेतलेला माल होता आणि विकायचा होता पाच टक्क्यांच्या हिशेबाने. फरक त्यांच्या खिशातून गेला. रक्कम फार मोठी नसेल. पण निर्णय घेताना या दुकानाचा विचार कुणाच्या मनात आला नसणार, एवढं त्यातून कळतं.

जनऔषधी आणि एक जुना नियम

जनऔषधीची कल्पना 2008 ची. पहिलं केंद्र अमृतसरला उघडलं. अनेक वर्षं ती रेंगाळली आणि 2015 नंतर तिने वेग घेतला. नोव्हेंबर 2023 मध्ये दहा हजारावं केंद्र झारखंडमधल्या देवघरच्या एम्समध्ये सुरू झालं आणि आता पंचवीस हजारांचं उद्दिष्ट आहे. विकास सोसायट्यांनाही केंद्र काढता येतं. बाजारातल्या ब्रँडपेक्षा निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत औषध, एक रुपयाला सॅनिटरी पॅड. चालवणाऱ्याला किमतीवर वीस टक्के आणि वर खरेदीच्या प्रमाणात प्रोत्साहन रक्कम. माल येतो तो मात्र मोजक्या मोठ्या गोदामांतून, गुरुग्राम, सुरत, चेन्नई अशा ठिकाणांहून. शहरातलं केंद्र हे पेलतं. वेल्ह्यासारख्या तालुक्यात, जिथे दिवसाला मोजकीच माणसं येणार आणि प्रत्येकाला वेगळं औषध हवं असणार, तिथे स्वस्त औषधावरच्या वीस टक्क्यांत दुकान उभं राहणं अवघड आहे. ज्या ठिकाणी स्वस्त औषधाची गरज सर्वांत जास्त, तिथेच ते विकून पोट भरणं सर्वांत कठीण.

मग आहे त्याच मेडिकलने ब्रँडऐवजी स्वस्त जेनेरिक द्यावं, असं कुणीही म्हणेल. इथे औषध नियमांतला 65 वा नियम आडवा येतो. चिठ्ठीवर डॉक्टरांनी जे औषध लिहिलंय त्याच्याऐवजी दुसरं देता येत नाही. डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं तर दुकानदाराने तोच ब्रँड द्यायचा. त्याच गोळीचं स्वस्त रूप शेजारच्या खणात असलं तरी कायद्याने ते द्यायची त्याला मुभा नाही. ही गाठ डॉक्टरांच्या बाजूने सोडवायचा प्रयत्न झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट 2023 च्या सुरुवातीला जेनेरिक नावानेच लिहा असा नियम काढला, डॉक्टरांच्या संघटनांनी गुणवत्तेचा प्रश्न उभा केला, आणि त्याच महिन्यात आयोगाने नियम स्थगित केला. गाठ तशीच आहे.

डॉक्टरांचा आक्षेप मी उडवून लावणार नाही. 2024 मध्ये आपल्याच राज्यातल्या सरकारी रुग्णालयांना बनावट प्रतिजैविकं पुरवली गेल्याचं उघड झालं, नागपूरपासून अंबाजोगाईपर्यंत. गोळीत औषधच नव्हतं. त्यामुळे स्वस्त म्हणजे हलकं, ही लोकांची शंका तपासणीनेच दूर होईल, भाषणांनी होणार नाही. आणि दुसऱ्या बाजूची गोष्टही सांगायला हवी. 'जेनेरिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मालावर छापील किंमत ब्रँडएवढीच असते आणि दुकानदाराला तो तिच्या लहानशा हिश्श्यात पडतो. गिऱ्हाइकाला तीस टक्के सूट देऊनही खूप उरतं. हे मी विचारलं तेव्हा दोघा दुकानदारांनी ते लपवलं नाही. सरळ मालावर दुकान चालत नाही म्हणून असा माल ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते समर्थन पटलं नाही, पण कारण खरं आहे.

पाटी संपते तिथे

पासलीच्या पुढे, केळदकडे, किंवा भोरच्या भुतोंडे खोऱ्यात आत गेलात की औषध मिळतं ते किराणा दुकानात. बिस्किटं, काडेपेटी, तंबाखू आणि एका बरणीत डोकेदुखीच्या गोळ्या. बऱ्याच जणांना हे बेकायदा वाटतं. तसं सरसकट नाही. औषध नियमांच्या अनुसूची 'के' मध्ये घरगुती औषधांची एक यादी आहे: पॅरासिटामोल, अ‍ॅस्पिरिन, आम्लपित्ताची औषधं, वेदनाशामक बाम, ग्राइप वॉटर, खोकल्याच्या गोळ्या आणि सिरप, भाजल्यावरचं मलम, कापूस, बँडेज. हजारापेक्षा जास्त वस्ती नसलेल्या गावात ही औषधं परवान्याशिवाय विकता येतात. वेल्ह्यातली बरीच गावं याच मापात बसतात. कायदा करणाऱ्याला कधीतरी अशा वाड्या दिसल्या असाव्यात.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे कोल्ड्रिफ हे खोकल्याचं सिरप पिऊन लहान मुलं दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघालं. महाराष्ट्रातही अन्न व औषध प्रशासनाने त्या बॅचची विक्री थांबवायला सांगितली. त्यानंतर अनुसूची 'के' मधून सिरप वगळायचा प्रस्ताव पुढे आला. तो योग्यच आहे. विष कारखान्यात मिसळलं गेलं होतं, ते किराणा दुकानदारालाही ओळखता आलं नसतं आणि फार्मासिस्टलाही. पण फार्मासिस्टच्या दुकानात बॅच नंबरसह खरेदीचं बिल असतं, माल परत मागवता येतो. बरणीतल्या बाटलीचा माग कसा काढणार?

एवढं मान्य करूनही प्रश्न उरतो. सिरप वाडीतून गेलं की रात्री खोकणारं लेकरू घेऊन आईने कुठे जायचं? आशाताईच्या पेटीत पॅरासिटामोल आहे, ओआरएस आहे, लोहाच्या गोळ्या आहेत. आशाताईला आपण जितकी कामं देतो त्यात हे आणखी एक. सुरक्षिततेचा प्रत्येक नियम या डोंगरात अंतर वाढवतो, आणि ते अंतर भरून काढायची तरतूद त्याच नियमात नसते.

साप आणि विंचू हा इथला वेगळा अध्याय. भातलावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत हे रोजचं भय. सापाच्या विषावरची लस मेडिकलमध्ये सहसा नसते. महाग, आणि दवाखान्याबाहेर द्यायचीच नाही अशी. ती सरकारी केंद्रातच असायला हवी. विंचवाची कथा मात्र वरंधा घाटाच्या पलीकडे घडली. बिरवाडी-महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी जीव वाचवते हे दाखवून दिलं. कोणत्याही मेडिकलच्या खणात ठेवता येईल अशी गोळी. भोरच्या पश्चिम पट्ट्यातल्या दुकानात ती आहे का, हे मी विचारत गेलो. कुठे होती, कुठे मागणी नाही म्हणून बंद केलेली. साठा मागणीवर ठरतो, आणि विंचू चावायच्या आधी या गोळीला मागणी नसते.

भिंतीवरचं सर्टिफिकेट

दुकानात शिरलं की काउंटरमागे परवाने दिसतात, नमुना 20 आणि 21, आणि शेजारी फार्मासिस्टचं नोंदणीपत्र. 1948 चा फार्मसी कायदा सांगतो की औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. नोंदणीपत्रावरच्या फोटोतला माणूस आणि काउंटरवरचा माणूस एकच असेल असं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. सर्टिफिकेट भाड्याने देण्याची रीत राज्यभर होती. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, 2012 च्या आसपास, त्यांनी फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर धडक कारवाई केली. दुकानदारांनी संप केले, सरकारवर दबाव आणला. त्या मोहिमेने शहरांतली शिस्त सुधारली असं मला वाटतं. खेड्यात तिचा दुसरा अर्थ होता: पगारावर फार्मासिस्ट ठेवणं परवडत नसेल तर दुकान बंद.

आणि तरीही फार्मासिस्टांची वाण नाही. खुद्द भोरमध्ये राजगड ज्ञानपीठाचं फार्मसी महाविद्यालय आहे, पुणे जिल्ह्यात तर अशी महाविद्यालयं ढिगाने. शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली कंपन्यांत जातात, पुण्यातल्या साखळी दुकानांत जातात. वेल्ह्याच्या फाट्यावर दुकान चालवणाऱ्या एका डी. फार्म झालेल्या तरुणीने सांगितलं की ती इथे राहिली ती सासर इथलं म्हणून. तिच्याकडे बायका ज्या गोष्टी विचारतात त्या दवाखान्यात विचारत नाहीत. पाळी पुढे ढकलायची गोळी, अंगावरून जाणं, गर्भ राहिलाय का ते बघायची किट. ती गोळी देते, पण त्याआधी विचारते: वय काय, बीपी आहे का, अंगावर पाजताय का? 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम ठरवलंच आहे. ते काम ती करते आहे. त्याचे पैसे तिला कुणी देत नाही, आणि तिच्याकडे कोण आलं, काय घेऊन गेलं, याची नोंद तालुक्याच्या आरोग्य खात्यात कुठेही नाही.

इंग्लंडमध्ये 1948 साली राष्ट्रीय आरोग्य सेवा आली तेव्हापासून खासगी मालकीची औषध दुकानं त्या सेवेशी कराराने बांधलेली आहेत. चिठ्ठीवरचं औषध दिलं की त्याचा मोबदला सरकार देतं. जानेवारी 2024 पासून 'फार्मसी फर्स्ट' या नावाखाली घसा दुखणं, कानदुखी, नागीण, बायकांची साधी लघवीची जळजळ अशा सात तक्रारींवर तिथला फार्मासिस्ट स्वतः तपासून औषध देतो आणि त्या सल्ल्याचेही पैसे सरकारकडून मिळतात. तिथेही सगळं आलबेल नाही. मोबदला पुरत नाही म्हणून तिथली दुकानं गेली काही वर्षं बंद होत आहेत. भोरला इंग्लंडची नक्कल करा असं मी सुचवत नाही. आपल्याकडे फार्मासिस्टच्या हाती प्रतिजैविकं सोडून देणं धोक्याचं ठरेल, ती आधीच हवी तशी विकली जातात. मला पटतं ते एवढंच, की तिथे दुकान कुणाच्या मालकीचं यावर ते आरोग्यसेवेत आहे की नाही हे ठरत नाही.

आपल्याकडे झालं होतं

हे आपल्याकडे अजिबात घडलेलं नाही असं नाही. क्षयरोगाच्या बाबतीत घडलं. मार्च 2014 पासून क्षयाची औषधं एच-वन अनुसूचीत आहेत, म्हणजे विकताना डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं. 2018 मध्ये अशा रुग्णांची माहिती सरकारला कळवणं दुकानदारांवर बंधनकारक झालं. हा झाला धाक. पण त्याआधी, 2014 मध्ये, मुंबईत याहून चांगला प्रयोग सुरू झाला होता. खासगी डॉक्टरकडे जाणाऱ्या क्षयरुग्णाला एक व्हाउचर क्रमांक मिळायचा, तो घेऊन तो ठरलेल्या खासगी मेडिकलमध्ये जायचा, औषध मोफत न्यायचा, आणि दुकानदाराला त्याचे पैसे कार्यक्रमातून मिळायचे. रुग्णाला सरकारी रांगेत यावं लागलं नाही, दुकानदाराचं नुकसान झालं नाही, आणि सरकारला कळलं की रुग्ण कोण, कुठे, किती औषध घेतो आहे.

याच्या उलट मार्च 2024 मध्ये झालं. क्षयाच्या औषधांचा केंद्रीय पुरवठा आटला. राज्यांनी स्थानिक खरेदी करावी, तेही न जमल्यास रुग्णाने बाहेरून घ्यावं आणि त्याला पैसे परत द्यावेत, असं केंद्राने कळवलं. पण सगळं औषध वर्षानुवर्षं सरकारच देत आलं होतं. गावच्या मेडिकलने ते का ठेवलं असतं?

मुंबईचा तो प्रयोग बीपी आणि साखरेसाठी भोर-वेल्ह्यात करून पाहण्याजोगा आहे. औषधं मोजकी आहेत. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमाने, ज्यात शेजारचा सातारा सुरुवातीपासून होता, उपचाराच्या पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत: आधी अ‍ॅम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन. उपकेंद्रात साठा संपला की समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने रुग्णाला क्रमांक द्यावा, रुग्णाने फाट्यावरच्या मेडिकलमधून तीच गोळी जेनेरिक नावाने मोफत घ्यावी, दुकानदाराला गोळीची ठरलेली किंमत आणि वर दर चिठ्ठीमागे एक लहान रक्कम मिळावी. क्रमांक जेनेरिक नावाचा असल्यामुळे 65 व्या नियमाचीही अडचण नाही. अट एकच, फार्मासिस्ट दुकानात प्रत्यक्ष हजर हवा. मग भिंतीवरचं सर्टिफिकेट भाड्याने आणण्यापेक्षा माणूस ठेवणं परवडू लागेल.

हे मी भोर, नसरापूर आणि वेल्ह्यातल्या दुकानदारांसमोर मांडलं. कुणी नाही म्हटलं नाही. अडचणी मात्र नेमक्या सांगितल्या. पावसात रेंज जाते तेव्हा क्रमांक तपासायचा कसा, कागदावर चालेल का? सरकारी दरात सोळा टक्के तरी सुटतील का? तपासणीला येणारा अधिकारी औषध प्रशासनाचा असेल की आरोग्य खात्याचा, की दोन्ही? सर्वांत जास्त विचारला गेला तो पैशांचा प्रश्न. सरकारी बिल निघायला सहा महिने लागले तर स्टॉकिस्ट सहा महिने थांबत नाही, त्याला एकवीस दिवसांत चेक लागतो. वेल्ह्याच्या त्या तरुणीने तर हिशेबच मांडून दाखवला: महिन्याला शंभर चिठ्ठ्या आल्या आणि पैसे पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत खात्यात पडले, तर ती दुकान रविवारी रात्रीही उघडं ठेवायला तयार आहे. दोन महिने थकले तर तिसऱ्या महिन्यात तिला माल भरता येणार नाही.